दहा हजार पावलं आली कुठून?

फिटनेस बँडवरचं १०,००० पावलांचं टार्गेट कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलंय असं वाटत असेल तर सॉरी, ते जपानमधल्या मार्केटिंगमधून आलंय. १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, तिकडे फिटनेसची हवा झाली आणि १९६५ला यामासा कंपनीनं कमरेला अडकवायचं मानपो-केई काढलं, म्हणजे सरळसरळ दहा हजार पावलं मोजायचं यंत्र. गोल आकडा, पटकन लक्षात राहतो, मग चिकटला तो चिकटलाच. अशा पेडोमीटरच्या आत काय, तर स्प्रिंगवरचं छोटं वजन, पाऊल पडलं की हिसक्यानं हलायचं आणि आकडा एकनं पुढे.

पल्सचं प्रकरण वेगळं, ते फिनलंडचं. स्कीइंग करणाऱ्यांना ट्रॅकवरच ठोके कळावेत म्हणून ओउलू युनिव्हर्सिटीच्या सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ला पोलार कंपनी काढली आणि १९८२ला छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ, मधे वायर नाही असं मॉडेल आणलं. पण ते खेळाडूंचं काम, तुमच्या-आमच्या हातात येणार कसं?

ते आलं सेन्सरमुळे. गाडीच्या एअरबॅगमध्ये धक्का ओळखायला जी इवलीशी ॲक्सेलरोमीटर चिप असायची ती स्वस्त होत होत २००६ला निन्टेंडोच्या ‘वी’ या व्हिडिओ गेमच्या रिमोटमध्ये आली, ते बघून जेम्स पार्कला आयडिया सुचली आणि एरिक फ्रीडमनबरोबर त्यानं २००७ला फिटबिट कंपनी सुरू केली. पहिला ट्रॅकर २००९चा, कपड्याला लावायची क्लिप, आणि टार्गेट? तेच जपानी १०,०००! मनगटावर बँड आला तसा नवीनच घोळ झाला कारण चिपला फक्त हात हललेला कळतो, त्यामुळे आरतीला टाळ्या वाजवल्या तरी कधीकधी पावलं वाढतात. नंतर बँडच्या मागच्या बाजूला हिरवा लाइट आला, रक्त हिरवा प्रकाश शोषतं त्यामुळे परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजतात.

आपल्याकडे खरा धडाका २०१५ला, शाओमीचा एमआय बँड फक्त ९९९ रुपयांत.

आणि त्या दहा हजारच्या आकड्याची तपासणी? २०१९ला संशोधक आय-मिन ली यांच्या टीमनं अमेरिकेतल्या साधारण सोळा-सतरा हजार वयस्कर बायकांचा डेटा बघितला, तर रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५०० नंतर आणखी फारसा फरक दिसला नाही.