टेलर आणि टायलर: एक कापणारा, एक झाकणारा

समाजशास्त्राच्या पुस्तकात संस्कृतीची जी प्रसिद्ध व्याख्या येते ती टायलरची, १८७१ सालची. लोकप्रशासनाच्या पुस्तकात शास्त्रीय व्यवस्थापन येतं ते टेलरचं, १९११ सालचं. एडवर्ड टायलर इंग्लंडचे मानववंशशास्त्रज्ञ, तर फ्रेडरिक टेलर अमेरिकेचे अभियंते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं या दोघांची अदलाबदल करतात, आणि छापील नोट्समध्येही ती झालेली मी पाहिली आहे. दोष मुलांचा नाही. देवनागरीत ही दोन आडनावं इतकी जवळ येतात की घाईत डोळा चुकतोच.

अमेरिकेच्या इतिहासात तर ही जोडी आणखी जवळ येऊन बसली आहे. जॉन टायलर दहावे राष्ट्राध्यक्ष, झॅकरी टेलर बारावे, आणि दोघांचाही जन्म व्हर्जिनियातला. टेक्सासला अमेरिकेत सामील करून घेणाऱ्या ठरावावर टायलर यांनी १ मार्च १८४५ रोजी सही केली. त्यावरून पुढल्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटलं, आणि त्या युद्धात नाव कमावून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचलेले सेनापती म्हणजे टेलर. एकाने सही केली, दुसऱ्याने लढाई केली. हे इतकं जरी ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

पण नावांचा अर्थ पाहिला तर दोघांत काही म्हणजे काही साम्य नाही.

टेलर म्हणजे शिंपी, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गावोगावच्या पाट्यांवर तो शब्द आहेच. गंमत त्याच्या मुळात आहे. १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर जी फ्रेंच भाषा इंग्लंडात आली तिच्यातून हा शब्द आला, आणि त्याचा मूळ अर्थ शिवणारा नसून कापणारा असा आहे. शिवणाऱ्यासाठी जुन्या इंग्रजीत शिवणीवरूनच आलेला वेगळा शब्द होता, तो मागे पडला. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं, कारण आपल्याकडेही शिंप्याची खरी परीक्षा शिवण्यात नसून बेतण्यात असते. टाके घरातली बाईही घालू शकते, चुकले तर उसवता येतात. पण महागाचं कापड एकदा कात्रीखाली गेलं की ते परत जोडलं जात नाही. चौदाव्या शतकात सैल झग्यांऐवजी अंगासरशी बसणारे कपडे आले, तेव्हा या कापणाऱ्याची किंमत आणखी वाढली. त्याच फ्रेंच क्रियापदातून ‘रिटेल’ आणि ‘डिटेल’ हे शब्दही निघाले आहेत: ताग्यातून तुकडा कापून द्यायचा ते रिटेल, आणि गोष्टीचे बारीक तुकडे करून सांगायची ते डिटेल.

टायलर म्हणजे कौलं करणारा किंवा ती छपरावर चढवणारा. कोकणात पावसाआधी घर शाकारायला जो माणूस बोलावतात, त्याच्या कामाच्या जवळचं हे नाव. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं, त्यावरून ‘तेगुला’ म्हणजे कौल, आणि त्यातून आजची आपल्या बाथरूममधली टाइल. झाकण्याच्या त्याच धातूतून ‘प्रोटेक्शन’ आलं, आणि झाकलेलं उघडं करणारा ‘डिटेक्टिव्ह’सुद्धा.

आडनाव म्हणून दोन्ही नावं साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात पक्की होत गेली. आधी जॉन नावाच्या शिंप्याला शेजारचे ‘जॉन द टेलर’ म्हणायचे. पुढे मुलगा बेकरी चालवू लागला तरी टेलरच राहिला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेव्हा ‘आय’ आणि ‘वाय’ सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जात. धंद्याचा शब्द ‘आय’वर स्थिरावला, आडनाव ‘वाय’वर. लंडनच्या शिंप्यांच्या जुन्या संघाला पहिली सनद १३२७ साली मिळाली, आणि तो संघ आजही आपलं नाव ‘मर्चंट टेलर्स’ असं, ‘वाय’ घालूनच लिहितो. कौलवाल्या आणि वीटकाम करणाऱ्यांच्या संघाला सनद मिळाली १५६८ साली, आणि त्याच्याही नावात ‘वाय’ तसाच आहे. टायलरची रूपं मात्र एकाहून जास्त राहिली. मानववंशशास्त्रज्ञ टायलर आपल्या नावात शेवटी ‘ई’ऐवजी ‘ओ’ लिहीत, आडनाव तेच.

मग टेलर इतके आणि टायलर एवढेच का? इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत टेलर आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते सतराव्या क्रमांकावर होतं, सुमारे ७ लाख ५१ हजार लोकांचं. टायलर तिथे पहिल्या शंभरातही नाही.

माझ्या मते याचं उत्तर छपरांत आहे. कपडा सगळीकडे कापावाच लागे, आणि कापणाऱ्याला देशभर हेच एक नाव चिकटलं. छपराचं तसं नव्हतं. जिथे गवत किंवा बोरू तिथे शाकारणारा थॅचर झाला, जिथे पाटीचा दगड निघे तिथे स्लेटर, नैर्ऋत्येकडे हेलियर. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना नवऱ्याकडून मिळालेलं आडनाव हे याच घराण्यातलं. म्हणजे छपरावर चढणाऱ्यांची संख्या कमी नव्हती, पण ती चार-पाच नावांत वाटली गेली. टायलरच्या वाट्याला आले ते फक्त चिकणमातीचे मुलूख आणि कौलाचा खर्च पेलणारी शहरं. लंडनमध्ये १२१२ च्या भीषण आगीनंतर गवताची नवी छपरं घालायला बंदी झाली, तेव्हा तिथे कौलवाल्यांना चांगले दिवस आले असणार. १४७७ च्या कायद्याने तर कौलाचं माप ठरवून दिलं: साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद.

या आडनावाचा सर्वांत मोठा माणूस कौलांच्याच मुलखातून आला. वॉट टायलर, केंटचा. १३८१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसावर सरसकट बारा पेन्सचा डोईपट्टी कर बसला. श्रीमंताला किरकोळ, मजुराला जीवघेणा. शेतकऱ्यांचा लोंढा लंडनवर चालून गेला आणि त्याच्या पुढे हा टायलर होता. चौदा वर्षांच्या रिचर्ड राजासमोर त्याने भूदासपण रद्द करण्याची मागणी मांडली. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात बोलणी चालू असतानाच लंडनच्या महापौराने त्याच्यावर वार केला, आणि त्याच दिवशी त्याचा अंत झाला. त्याचं सगळं चरित्र आपल्या हाती आलं तेही जेमतेम या काही दिवसांचं. पण एका कष्टकऱ्याचं नाव इतिहासात टिकलं ते त्याच्या कामाच्या नावानेच, याचं मला अप्रूप वाटतं.

आपल्याकडच्या ओळखी बहुतेक टेलरच्याच. १८५३ मध्ये नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या यष्टिरक्षक बॉब टेलरने दहा झेल घेतले. मुंबईत आणि सुरतेकडे दर्जी समाजातल्या अनेक कुटुंबांचं आडनावही टेलर आहे, पण त्याचा या इंग्रज घराण्यांशी काही संबंध नाही. धंद्याचा इंग्रजी शब्द त्यांनी इथेच उचलला, म्हणून त्यांच्या स्पेलिंगमध्ये सहसा ‘आय’ दिसतो.