प्रतोद (व्हिप)

प्रतोद (व्हिप) : विधिमंडळातील आपल्या पक्षाच्या सदस्यांना कामकाजाची व मतदानाची सूचना देणारा, त्यांना वेळेवर सभागृहात आणणारा आणि त्यांचे मत पक्षाच्या भूमिकेप्रमाणे पडेल हे पाहणारा पदाधिकारी. इंग्रजीत ‘व्हिप’ हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी चालतो : हा पदाधिकारी, त्याने काढलेला लेखी आदेश आणि, ब्रिटनमध्ये, पक्षाच्या संसदीय गटाचे सदस्यत्व. मराठीने त्यांची वाटणी केली. माणूस तो प्रतोद. कागद तो पक्षादेश किंवा बोलीत सरळ व्हिप. त्यामुळे ‘प्रतोदांनी व्हिप बजावला’ हे वाक्य मराठी वाचकाला अडत नाही. तिसऱ्या अर्थासाठी मराठीत रुळलेला शब्द नाही, आणि त्याचे कारण भाषेत नसून कायद्यात आहे (पुढे पाहा).

शब्दाचे मूळ शिकारीत आहे, याबद्दल दुमत नाही. इंग्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीत मुख्य शिकाऱ्याबरोबर ‘व्हिपर-इन’ नावाचा मदतनीस असे. कळप सोडून भलत्याच वासामागे जाणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने परत कळपात आणणे हे त्याचे काम. दुमत आहे ते हा शब्द संसदेत केव्हा शिरला याविषयी. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने ‘व्हिपर-इन’ या नामाचा संसदीय अर्थाने पहिला आढळ १७७२ च्या सुमारास दिला आहे. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांना जनकत्व देण्याची प्रथा त्याहून लोकप्रिय आहे. ८ मे १७६९ रोजी मिडलसेक्स मतदारसंघात जॉन विल्क्स यांच्याऐवजी हेन्री लट्रेल यांना सदस्य ठरविण्याविरुद्धच्या अर्जावर ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात चर्चा चालू होती. मंत्रिमंडळाने आपली माणसे उत्तरेतून आणि थेट पॅरिसहून बोलावून आणली, असे बर्क म्हणाले. या हाकून आणण्याला त्यांनी शिकारीतलेच क्रियापद वापरले आणि याहून चपखल शब्द नाही, अशी पुस्तीही जोडली. त्यांनी शब्दावर असा भर दिल्यामुळे तो तेव्हा नवा असावा, असा तर्क केला गेला.

मात्र अठराव्या शतकातील कॉमन्स सभागृहाचे अभ्यासक पी. डी. जी. टॉमस यांनी त्याआधीचा एक दाखला पुढे आणला. १८ नोव्हेंबर १७४२ रोजी हेनिज फिंच यांनी लॉर्ड माल्टन यांना लिहिलेल्या पत्रात, या खेपेस व्हिगांनी टोरींपेक्षा (हे तेव्हाचे दोन प्रतिस्पर्धी पक्ष) माणसे बरी हाकून आणली, अशा आशयाचे वाक्य आहे. हे पत्र जमेस धरले, तर बर्क यांच्या भाषणापूर्वी निदान एक पिढी हा शब्दप्रयोग राजकारणी मंडळींच्या बोलण्यात होता, असे मानावे लागते. बर्क यांनी शब्द घडविला नाही, सभागृहात ठळक केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. १७४२ आणि १७६९ या दोन्ही ठिकाणी विषय आहे तो हजेरीचा. गावाकडे, शिकारीवर किंवा परदेशी गेलेल्या सदस्यांना मतदानाच्या दिवशी लंडनला आणणे, एवढाच त्या हाकण्याचा अर्थ. आलेल्याने मत कोणाला द्यावे, हा मुद्दा त्या शब्दात तेव्हा नव्हता. तो नंतर शिरला.

मराठी ‘प्रतोद’ हा तत्सम शब्द ‘प्र + तुद्’ (टोचणे, ढोसणे) यापासून आला आहे. संस्कृतात तो सारथ्याच्या किंवा गाडीवानाच्या हातातील चाबकाला वा पराणीला लावतात. महाभारताच्या भीष्मपर्वात, युद्धाच्या नवव्या दिवशी, अर्जुन मनापासून लढत नाही असे पाहून श्रीकृष्ण रथातून उडी घेऊन भीष्मांवर धावून जातात, तेव्हा त्यांच्या हाती प्रतोद आहे. गीतेच्या ध्यानश्लोकातील ‘तोत्रवेत्रैकपाणये’ मधला ‘तोत्र’ही त्याच धातूचा. म्हणजे इंग्रजी शब्दामागे कुत्र्यांचा कळप आहे, तर मराठी शब्दामागे घोडे आणि रथ. ज्यांनी हा पर्याय निवडला त्यांनी केवळ ‘चाबूक’चे संस्कृत रूप शोधले नाही, दिशा राखणाऱ्याच्या हातातील साधन निवडले. तो शब्द टिकला, याचे या नोंदकर्त्याला समाधान वाटते.

इतर भारतीय भाषांनी वेगळ्या वाटा घेतल्या. हिंदीत ‘सचेतक’ म्हणजे सावध करणारा. त्यात चाबूक उरलेलाच नाही. गुजरातीत ‘दंडक’ आहे. तमिळनाडूच्या विधानसभेत या पदाला ‘कोरडा’ म्हणतात, आणि मराठीत ‘कोरडे ओढणे’ या प्रयोगात जो कोरडा आहे त्याच्याशी त्याचे साम्य उघड आहे. तंजावरच्या मराठी राजवटीकडे बोट दाखविण्याचा मोह येथे होतो; परंतु चाबूक या अर्थाचे मिळतेजुळते शब्द दक्षिणेत व उत्तरेत अनेक भाषांत असल्याने केवळ साम्यावरून तसे ठरविणे योग्य नाही.

ब्रिटिश पद्धतीत आठवड्याच्या कामकाजाच्या पत्रकात प्रत्येक विषयाखाली रेघा ओढण्याची रीत पडली. एक रेघ म्हणजे विषयाची माहिती, दोन म्हणजे हजेरी अपेक्षित, तीन म्हणजे हजर राहून पक्षाच्या बाजूने मत देणे आवश्यक. ‘तीन ओळींचा व्हिप’ हा प्रयोग त्यातून आला. वास्तविक त्या ओळी नसून अधोरेखा आहेत. हा व्हिप झुगारला तर पक्ष सदस्याकडून ‘व्हिप काढून घेतो’, म्हणजे त्याला संसदीय गटाबाहेर काढतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर हुजूर पक्षाने आपल्या २१ खासदारांचा व्हिप काढून घेतला. त्यांत केनेथ क्लार्क यांच्यासारखे माजी अर्थमंत्री आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. ते सर्व खासदार म्हणून सभागृहात बसत राहिले. अमेरिकेत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाने १८९७ मध्ये जेम्स टॉनी यांना पहिले व्हिप नेमले.

भारतात रेघांची पद्धत जशीच्या तशी आली आणि सरकारपक्षाचा मुख्य प्रतोद म्हणून संसदीय कामकाजमंत्री काम पाहू लागले. अखिल भारतीय प्रतोद परिषदेचे पहिले अधिवेशन १९५२ मध्ये इंदूर येथे भरले. परंतु व्हिपचे स्वरूप पालटले ते १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने. या दुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा मतदानास गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. त्याने पूर्वपरवानगी घेतली असेल, किंवा पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला माफ केले असेल, तर ही तरतूद लागू होत नाही. व्हिप मोडणाऱ्याचे स्थान ब्रिटनमध्ये पक्षाच्या गटातून जाते, भारतात सभागृहातून जाते. ‘व्हिप काढून घेणे’ला मराठी पर्याय घडला नाही तो यामुळेच.

दहाव्या परिशिष्टात ‘व्हिप’ हा शब्दच नाही, ही गोष्ट सामान्यतः लक्षात येत नाही. तेथे ‘राजकीय पक्षाने, अथवा पक्षाने त्यासाठी अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा प्राधिकाऱ्याने दिलेला निदेश’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. एक, दोन, तीन रेघांचाही उल्लेख नाही. किहोटो होलोहान खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने परिशिष्ट वैध ठरविताना असे सुचविले की, अपात्रतेचा धाक विश्वास वा अविश्वास ठरावापुरता आणि पक्षाच्या मूलभूत धोरण-कार्यक्रमापुरता असावा. निवडणूक सुधारणांविषयीच्या दिनेश गोस्वामी समितीचा (१९९०) कलही असाच होता. व्यवहारात मात्र साध्या विधेयकांवरही व्हिप निघतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असल्याने तो चालत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तरी पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून अपात्रता येत नाही, असे कुलदीप नय्यर खटल्यात (२००६) स्पष्ट झाले.

‘पक्षाने अधिकार दिलेली व्यक्ती’ म्हणजे कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात २०२२ मध्ये ऐरणीवर आला. शिवसेनेतील फुटीनंतर सुनील प्रभू (ठाकरे गट) आणि भरत गोगावले (शिंदे गट) या दोघांच्या बाजूने प्रतोदपदाचे दावे झाले व दोन्ही गटांचे व्हिप निघाले. सुभाष देसाई खटल्यात ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असे सांगितले आणि गोगावले यांना मान्यता देणारा विधानसभा अध्यक्षांचा ३ जुलै २०२२ चा निर्णय बेकायदा ठरविला. खरा पक्ष कोणता हे ठरविण्याचे काम अध्यक्षांकडे गेले. १० जानेवारी २०२४ च्या निकालात अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच खरा पक्ष मानून गोगावले यांची नेमणूक वैध ठरविली. त्याच निकालात ठाकरे गटाच्या आमदारांनाही अपात्र केले नाही, कारण व्हिप त्यांच्यावर प्रत्यक्ष बजावल्याचे सिद्ध झाले नव्हते.

बजावणीचा हा मुद्दा जिल्हा परिषदा व नगरपालिकांत रोजचा आहे. तेथे महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू होतो आणि व्हिप बहुधा गटनेता काढतो. सभापतिपदाच्या निवडणुकीआधी सदस्य सहलीला गेलेले असतात. मग घराच्या दारावर व्हिप चिकटवून पंचनामा करतात, फोटो काढतात, टपालाने नोंदणीकृत प्रत पाठवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, कधी वृत्तपत्रात जाहीर नोटीसही देतात. पुढे सुनावणीत वाद रंगतो तो मत कोणाला दिले यावर कमी आणि कागद कोणाच्या हाती पडला यावर जास्त. पॅरिसहून सदस्य आणवण्याची १७६९ मधली धडपड आणि दारावर चिकटवलेला हा कागद यांतले नाते जवळचे आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नसल्याने तेथे व्हिपचा प्रश्न येत नाही.