जिना व कठडा : निवासी बांधकामातील मापे व नियम

घराचे दोन मजले जोडणाऱ्या पायऱ्या व त्यांच्या बाजूचा कठडा यांच्या मापांना भारतात राष्ट्रीय इमारत संहितेचा (1970, सुधारित आवृत्त्या 1983, 2005, 2016) आधार आहे. संहिता शिफारसवजा आहे. स्थानिक नियमावलीने स्वीकारल्यावरच ती बंधनकारक होते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात 2020 ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे. बृहन्मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे, तसेच गोव्याचीही (2010).

संहितेनुसार निवासी जिन्याचा रायझर (पायरीची उभी उंची) कमाल 190 मिमी, ट्रेड (पाय ठेवण्याची आडवी खोली) नोजिंग, म्हणजे पायरीची पुढे आलेली कड, सोडून किमान 250 मिमी, रुंदी किमान 1 मी. (दुमजली ओळघरांत 0.75 मी.) आणि डोक्यावरची मोकळी उंची किमान 2.2 मी. असावी.

रायझर व ट्रेड यांच्या या प्रमाणाचा उगम काहीसा वादाचा आहे. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियसने (इ.स.पू. पहिले शतक) 3:4:5 हा काटकोन त्रिकोण जिन्यासाठी सुचवला. त्याचा चढ सुमारे 36.9° येतो, तर 190/250 चा सुमारे 37.2°. हे साम्य लक्षणीय असले तरी त्यावरून परंपरा सिद्ध होत नाही, कारण 3:4 ने फक्त चढ ठरतो; पायरी केवढी, हे ठरत नाही. पावलाचा हिशेब सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लोंदेलने मांडला : सपाटीवरचे पाऊल 24 फ्रेंच इंच (सुमारे 65 सेंमी) धरून चढाच्या प्रत्येक इंचामागे दोन इंच वजा करायचे. आजचे 2 रायझर + 1 ट्रेड = 60 ते 64 सेंमी हे सूत्र याच हिशेबाचे रूप मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 190 व 250 मिमी घेतल्यास बेरीज 63 सेंमी येते.

मजल्याची उंची 3 मी. असल्यास 3000 ÷ 190 = 15.8, म्हणून 16 रायझर, प्रत्येकी 187.5 मिमी. मध्ये लँडिंग (सपाट विसावा) देऊन 8-8 रायझरचे दोन टप्पे केल्यास प्रत्येक टप्प्यात 7 ट्रेड (आठवा रायझर थेट लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर पोचतो), म्हणजे 1750 मिमी आडवी लांबी लागते. ही उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजावी. नेमकी चूक इथेच होते : काँक्रीटच्या पायऱ्या समान ओतल्या जातात, पण खोल्यांत फरशीखालच्या मसाल्याच्या गादीसह 60 मिमी आणि पायऱ्यांवर 30 मिमी थर बसला, की पहिली पायरी 30 मिमीने बुटकी व शेवटची तेवढीच उंच होते. अमेरिकी निवासी संहिता एका टप्प्यात सुमारे 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पाय आधीच्या पायऱ्यांच्या अंदाजाने पडतो, त्यामुळे असा फरक उतरताना विशेष घातक ठरतो.

कठड्याची उंची ट्रेडच्या मध्यापासून मोजतात. आवृत्ती व स्थानिक नियमाप्रमाणे ती 0.9 ते 1 मी. असते. उभ्या गजांमधून 4 इंची (सुमारे 102 मिमी) गोळा पार होऊ नये, ही कठड्यांसाठीची सर्वसाधारण अमेरिकी अट (जिन्याच्या उघड्या बाजूला ती थोडी सैल आहे) लहान मुले असलेल्या घरात पाळण्याजोगी आहे. आडव्या पट्ट्या मुलांना शिडीसारख्या चढता येतात, म्हणून टाळाव्यात. कठड्याच्या खांबाची बेसप्लेट (तळाची लोखंडी पट्टी) पायरीवरच्या नुसत्या ग्रॅनाइटमध्ये अडकवल्यास दगड तडकतो व कठडा हलू लागतो. अँकर (पकड घेणारा बोल्ट) खालच्या काँक्रीटमध्ये, कडेपासून पुरेसे अंतर ठेवून उतरवावा. लोखंडी प्लेट ओतकामाआधीच सळईला वेल्ड करून ठेवणे त्याहून चांगले.