ग्लू भारी असला की स्टील नुसतं पुसून चिकटवलं तरी चालतं?

'इपॉक्सी ग्लू चांगला घ्या, स्टील फडक्याने पुसा, जोड आयुष्यभर सुटणार नाही' असं बरेच वर्षं फिरतंय. पटतं कारण पहिल्या दिवशी असा जोड खरंच घट्ट लागतो, ओढला तरी हलत नाही. खरी परीक्षा नंतर असते, दमट हवेत.

ग्लू धरतो तो सगळ्यात वरच्या थराला, मग तिथे तेल किंवा सुटा गंज असेल तर तो त्यालाच चिकटला, स्टीलला नाहीच. त्यात पाणी कडेने हळूहळू आत शिरतं, ग्लूची पकड सोडवतं आणि खाली गंज धरायला लागतो, बाहेरून काही दिसतसुद्धा नाही.

म्हणून आधी सॉल्व्हंटने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) तेल काढा, मगच घासा (उलटं केलंत तर तेल ओरखड्यांत रगडलं जातं, ही चूक फार होते), धूळ काढून परत पुसा आणि लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका.

तपासायचं तर पृष्ठभागावर स्वच्छ पाणी सोडा. सलग पातळ थर राहिला तर तेल गेलंय, थेंब थेंब झाले तर परत साफ करा, चिकटवण्याआधी पूर्ण वाळवा. जुना जोड सुटला असेल तर दोन्ही बाजू नीट बघा, एक बाजू कोरी स्टील आणि सगळा ग्लू दुसरीकडे असेल तर बहुतेक वेळा दोष ग्लूचा नसतो, तयारी कमी पडलेली असते.