ते पिवळं बटण दाबायचं कधी?

जूनच्या पहिल्या सरीत घोडबंदर रोडवरचा गायमुखचा उतार कसा होतो ते ठाणेकरांना ठाऊक आहे. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते आणि रस्ता बुळबुळीत होतो. अशा वळणावर कधीकधी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो : गाडी आणि तिच्यामागे चाकांच्या नागमोडी खुणा. त्याच चित्राचं एक बटणही असतं, ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या घसरण रोखणाऱ्या यंत्रणा बंद करण्याचं. ‘ते बंद कर, पिकअप मारतं,’ असं सांगणारा जाणकार प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटतोच.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. चाक जागच्या जागी फिरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतं. पण तो जोर तसाही रस्त्यापर्यंत पोचत नव्हता, वाया जात होता. शिवाय घसरणाऱ्या टायरची आडवी पकड जवळपास संपते, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही उपयोग नाही.

स्टॅबिलिटी कंट्रोलचं काम याहून पुढचं. ड्रायव्हरला कुठे जायचंय ते यंत्रणेला स्टिअरिंगवरच्या सेन्सरवरून कळतं. दुसरा सेन्सर गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वेगाने वळते आहे ते मोजतो. दोन्हींत तफावत दिसली की यंत्रणा एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक; गाडी वळायलाच तयार नसेल तर बहुधा आतल्या अंगाचं मागचं. ‘मी वीस वर्षं चालवतोय’ म्हणणाऱ्यालाही हे जमणार नाही. त्याच्या पायाखाली चार चाकांसाठी एकच पेडल आहे.

बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९९५ मध्ये ही यंत्रणा रस्त्यावर आणली, तीही महागड्या गाडीत. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत अचानक वळवलेली छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ती बसवली. आपल्याकडे २०२३ पासूनच्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ती लागतेच.

मात्र पकड निर्माण करणं तिच्या हातात नाही. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ४० ऐवजी ८० ने वळण घेतलं तर टायरवर चौपट आडवा ताण येतो. टायर गुळगुळीत झाले असतील तर ब्रेक कुठल्याही चाकाला लावा, गाडी रस्ता सोडणारच.

मग बटण ठेवलंय कशाला? चिखलासाठी, वाळूसाठी. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी रुतली की चाक थोडं फिरून वरचा चिखल उडवावा लागतो, तेव्हा खालची घट्ट जमीन लागते. ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच फिरणं थांबवतं. अशा वेळी खुशाल बंद करा आणि गाडी निघाली की लगेच चालू करा. पुष्कळ गाड्यांत बटण एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही. आपल्या गाडीत काय होतं ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करते आहे. बटणाला हात न लावता तो सतत पेटलेला राहिला, तर गाडी गॅरेजला दाखवा.