जुनी पैठणी नेसण्याने नाही, घडीत फाटते

"आजीची पैठणी नेसू नकोस, विरेल. ट्रंकेतच राहू दे." घरोघरी हेच सांगतात, पण ते खरं नाही.

जुनं रेशीम बहुतेक वेळा चिरतं ते घडीवर. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेला धागा तिथेच कमजोर होतो. माझ्या आजीच्या जांभळ्या पैठणीचा पदर उलगडला, तर मोर शाबूत आणि घडीच्या रेषेवर बोटभर चीर! जीव हळहळला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. डांबरगोळ्या तर जरीला टेकूच देऊ नका.

सुती मलमलीत गुंडाळा. तीन-चार महिन्यांनी उलगडून सावलीत वारा द्या आणि घडीची जागा बदला. कापड धड असेल तर खुशाल नेसा.

मी रफू करून घेतली आणि बहिणीच्या लग्नात नेसले. एरवी चारचौघांत गप्प बसणारी मी, त्या दिवशी पदर उलटा करून प्रत्येकीला दाखवत होते: बघा, हातमागावरची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.