व्हिडिओ बघून बाळ चिनी का शिकत नाही?

सध्या फेसबुक उघडलं की दर दोन पोस्टनंतर कुठल्यातरी लर्निंग ॲपची जाहिरात येते, आता तर एआय ट्यूटर, म्हणे शिक्षकाची गरजच उरणार नाही. ही हवा नवी नाही. 2011 मध्ये स्टॅनफर्डचा एआयचा कोर्स ऑनलाइन फुकट ठेवला तेव्हा जगभरातून 1,60,000 च्या आसपास लोकांनी नाव घातलं, तेव्हाही आता विद्यापीठांना टाळं लागणार असं बोललं जायचं. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशाच कोर्सेसचा हिशोब लागला तर 2017-18 मध्ये नाव घातलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे निघाले 3 टक्क्यांच्या आसपास. आणि ते व्हिडिओ काही वाईट नव्हते हां!

मग घोडं अडतं कुठे? मला याचं सगळ्यात भारी उत्तर बाळांवरच्या एका प्रयोगात दिसतं. पॅट्रिशिया कूल नावाच्या शास्त्रज्ञ बाई, अमेरिकेत सिएटलला असतात. जन्मल्यावर सुरुवातीचे काही महिने बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगवेगळे ओळखता येतात, पण वर्षाचं होईपर्यंत कान घरच्या भाषेला बसतो आणि बाकीचे फरक पुसट व्हायला लागतात. कूलबाईंनी नेमकी याच वयातली, 9 महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं घेतली. काही बाळांसमोर मँडरिन (म्हणजे चिनी भाषा) बोलणारी माणसं प्रत्यक्ष जमिनीवर बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत गप्पा मारायची, सुमारे 25 मिनिटांच्या अशा 12 बैठका. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचा, त्याच बोलण्याचा व्हिडिओ, तिसऱ्यांना नुसता आवाज.

आता 9 महिन्यांच्या बाळाला तुला कळलं का असं विचारणार कसं? तर स्पीकरवर एकच आवाज परत परत लावायचा आणि मध्येच तो बदलायचा (मँडरिनमध्ये आपल्या च आणि श च्या आसपासचे दोन आवाज आहेत, इंग्रजीवाल्यांना ते धड वेगळे ऐकूच येत नाहीत). आवाज बदलल्यावर बाळानं मान वळवली तर बाजूचं खेळणं चालू होतं. ही गंमत एकदा समजली की फरक ऐकू येणारं बाळ बरोबर मान वळवतं, ज्याला ऐकू येत नाही ते ढिम्म. माणसांसोबत बसलेली बाळं मँडरिन ऐकतच वाढणाऱ्या तैवानच्या बाळांइतकी तरबेज निघाली. व्हिडिओवाली आणि ऑडिओवाली? शून्य. मँडरिन कधी ऐकलीच नाही अशा बाळांइतकीच.

लगेच 'बघा, स्क्रीन वाईट' म्हणू नका. 2014 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवून बघितली, काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना दुसऱ्या मुलाच्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. कॉलवाली मुलं समोरच्यांसारखीच शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही. स्क्रीन दोघांनाही होती, फरक एवढाच की कॉलवरची बाई त्या मुलाला, त्याच वेळी उत्तर देत होती. मूल हसलं की ती हसणार, ते दुसरीकडे बघायला लागलं की थांबणार. मेंदूला जणू फाटक आहे आणि समोरचा आपल्याशीच बोलतोय हे पटल्याशिवाय ते उघडतच नाही.

आणि वेळ किती बारीक लागते बघा. दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे पापणी लवायला लागतो त्याच्या आसपासचा वेळ. नेट ढिलं असलं की हे पार बोंबलतं, त्यात कॅमेरा वर आणि चेहरे खाली त्यामुळे डोळ्याला डोळा भिडत नाही तो नाहीच. लॉकडाऊनमध्ये गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडची पोरं नेटवर्कसाठी डोंगर चढली, पेपरात फोटो आले, सगळे हळहळले. पण नेटवर्क मिळून तरी काय, 40 चौकोन, सगळे म्यूट, व्हिडिओ ऑफ. तो लाइव्ह क्लास नव्हेच, ते रेकॉर्डिंगच झालं की!

समोर बसून शिकणं कसं असतं ते बघायचं तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गोव्यात आरतीची तालीम बघा कुठल्याही वाड्यावर. तिथं घुमट वाजतं, एका तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य. उजव्या हाताची थाप युट्यूबवर बघून येते एकवेळ, पण डाव्या तळव्यानं घुमटाचं मागचं तोंड कधी झाकायचं आणि कधी सोडायचं हे शेजारी बसल्याशिवाय येत नाही, पोरगं चुकलं की साथीचं शामेळ (एक तालवाद्य) वाजवणारा नुसती मान हलवतो आणि लय किंचित ओढून धरतो, पोरगं परत तालात.

आता कोणी म्हणेल बाळांचं दहावीच्या पोराला कसं लावता. बरोबर आहे, सरसकट लावू नये, मोठ्या माणसाला स्वतःची गरज असली की तो व्हिडिओवरून शिकतो. मेंदूच्या नावावर काहीही खपवणारे तेवढे टाळा, डोळे बांधून वाचायला शिकवणारं ते 'मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन' घ्या, पट्टीखाली नाकाशेजारी फट असते, पोरं तिथून बघतात, विषय संपला.

सगळ्यात गमतीचा प्रयोग 2018 चा. परत कूलबाईंचाच गट, परत मँडरिन, परत व्हिडिओ, पण या वेळी टचस्क्रीन, बाळानं हात लावला की व्हिडिओ लागणार. काही बाळं एकटी, काहींच्या जोडीला दुसरं बाळ. शिकल्याच्या खुणा जोडीवाल्यांच्या मेंदूत जास्त दिसल्या. त्या दुसऱ्या बाळालाही मँडरिनचा गंध नव्हता. तेव्हा घरी दोन पोरं असतील तर ट्यूशनचा व्हिडिओ एकाच मोबाईलवर बघू द्या, भांडतील ते भांडतील.